एकसारख्या बरण्यांनी स्वयंपाकघर आवरत नाही

स्वयंपाकघरातली कपाटं आणि ड्रॉवर कसे आवरायचे, याची एक यादी मोबाइलवरून सतत फिरत असते. कधी ती व्हिडिओ होऊन येते, कधी लांबलचक संदेश होऊन. शब्द इकडेतिकडे होतात, दावे मात्र तेच पाच. सगळं सामान पाकिटांतून काढून एकसारख्या पारदर्शक बरण्यांत भरा. सहा महिन्यांत हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर काढा, कारण वीस टक्के वस्तूच ऐंशी टक्के काम करतात. एका जातीच्या वस्तू एकाच जागी ठेवा. ओट्यावर काहीही दिसता कामा नये. आणि शेवटचा: सुट्टीचा एक दिवस काढून सगळी कपाटं एकदम रिकामी करा, म्हणजे काम कायमचं संपेल.

ही यादी मनापासून पाळणाऱ्यांचे पैसे जातात, कंबर मोडते, आणि दोन महिन्यांत सगळं पुन्हा विस्कटलं की ते स्वतःलाच बोल लावतात. ‘मला मेली शिस्तच नाही’ हे वाक्य मी फार जणींच्या तोंडून ऐकलंय. शिस्तीचा इथे काही संबंध नाही. दारात उभं राहून बघणाऱ्याला स्वयंपाकघर कसं दिसेल, एवढाच विचार या यादीत आहे. आत उभं राहून रांधणाऱ्याचा हात कुठे जातो, हे तिच्यात कुठेच नाही. म्हणून एकेक दावा तपासू.

‘सगळं एकसारख्या पारदर्शक बरण्यांत भरा’

सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून इथे जरा थांबते.

पाकीट फाडून टाकलं की त्यावरचा मजकूरही गेला. तारीख गेली, बॅच नंबर गेला, घटकपदार्थ गेले. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा गव्हाची अॅलर्जी असेल, तर नेमकी तीच माहिती जिवाशी निगडित असते. उत्पादकाने खराब माल परत मागवला, तर आपलं पाकीट त्यातलं आहे का हे बॅच नंबरावरूनच कळतं. तारखांचंही तसंच. ‘या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम’ ही चवीची आणि दर्जाची मुदत असते. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सुरक्षिततेची. बरणीत ओतल्यावर दोन्ही सारख्याच हरवतात, मग माणूस एकतर चांगलं फेकतो नाहीतर वाईट खातो.

आता पारदर्शकपणा. बंद दाराच्या कपाटात काच असली तरी बिघडत नाही. पण या व्हिडिओंमधल्या बरण्या उघड्या फळीवर, खिडकीच्या उजेडात असतात. उजेडाने तेलाचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया, वेगाने होतं आणि त्याला खवट वास येतो. मिरचीपुडीचा लाल रंग ज्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे असतो, ती उजेडात विरतात. पूड फिकी पडते, वासही उडतो. सबंध धान्याच्या पिठात कोंब आणि त्यातलं तेल दळलेलं असतं, म्हणून ते पांढऱ्या पिठापेक्षा लवकर खवट होतं. जे जास्त जपायचं, तेच उजेडात मांडून ठेवायचा हा सल्ला आहे.

‘हवाबंद बरणीत किडे होत नाहीत’ असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. तांदळातल्या सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अशी अंडी धान्यासोबतच घरात येतात. हवाबंद डब्यामुळे कीड एका डब्यातून दुसऱ्यात जात नाही, आणि हा फायदा खरा आहे. पण आत आलेलं अंडं झाकणाने मरत नाही. त्यासाठी धान्य किंवा पीठ घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना चार दिवस ठेवावं, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत पाणी सुटतं. शिवाय बरणी दिसायला भरलेली हवी म्हणून लोक जुन्यावर नवीन ओतत राहतात. तळाशी राहिलेलं मूठभर जुनं पीठ कधीच संपत नाही आणि कीड लागते ती तिथून. आधी जुनं संपवायचं, डबा धुऊन खडखडीत वाळवायचा, मग नवीन भरायचं. हे एवढं केलं तर कुठलाही डबा चालतो.

आणि एकसारखेपणा? सामान एकसारख्या मापात येत नाही. बरणीत पाकिटातलं पाऊण सामान मावतं आणि उरलेलं पाव रबर लावून मागे ढकललं जातं. थोड्याच दिवसांत प्रत्येक देखण्या बरणीमागे एक अर्धवट पाकीट असतं. म्हणजे एका जिनसाने दोन जागा अडवल्या. त्यातून गोल बरण्या ओळीने लावल्या की प्रत्येक बरणीच्या कोपऱ्यांत जागा वाया जाते. दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात बसणारी गोल बरणी १०० पैकी साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर जागा वापरते, बाकीची रिकामी. फळीची पाचवा हिस्सा जागा शोभेसाठी द्यायची, हे जागा नसलेल्या माणसाला सांगणं मला पटत नाही. चौकोनी डबे घ्या, दोन-तीन मापांचे घ्या, आणि सर्वांत मोठं नेहमीचं पाकीट पूर्ण मावेल असा डबा त्या जिनसासाठी ठेवा.

नावं लिहिलेल्या साठवणीचं प्रसिद्ध जुनं उदाहरण म्हणजे फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली ते आखलं, आणि जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींत तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागेत नावं लिहिलेले अॅल्युमिनियमचे छोटे खण ओळीने होते. दिसायला अगदी आजच्या व्हिडिओसारखे. पण पिठाचा खण त्यात वेगळा, ओकच्या लाकडाचा होता, कारण ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य पिठातल्या अळ्यांना दूर ठेवतं असा विचार होता. एवढी काटेकोर, शिस्तीची मांडणी करणारीनेही आत काय ठेवायचं हे बघून डबा ठरवला. आजच्या यादीत नेमकं हेच उलटं झालंय.

नावाच्या चिठ्ठ्यांना माझी हरकत नाही. बेकिंग सोडा, बेकिंग पावडर, कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखर डोळ्यांना सारखीच, तिथे चिठ्ठी हवीच. पण चिठ्ठीवर नावाखाली डबा उघडल्याची आणि मुदत संपण्याची तारीख पेन्सिलने लिहा. मजकूर महत्त्वाचा असेल तर पाकिटाचा तेवढा तुकडा कापून डब्याला चिकटवा, नाहीतर पाकीटच्या पाकीट डब्यात उभं करा. दिसायला साधं दिसेल, दिसू द्या.

‘सहा महिन्यांत वापरलं नाही? काढून टाका’

ऐंशी-वीसचा आकडा अगदी शास्त्रीय वाटतो. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्तीच्या वाटणीचा जो अभ्यास केला, त्यावरून तो आला. पुढे दर्जा-नियंत्रणाचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी तो कारखान्यांतल्या कामाला लावला. पातेली आणि झाऱ्यांशी त्याचा मुळात संबंध नाही. तो खरा मानला तरी उरलेलं वीस टक्के काम ऐंशी टक्के वस्तू करतात, आणि ते काम करावं लागतंच. घरात वीस माणसं जेवायला आली की मोठं पातेलं लागतं. ते वर्षातून दोनदाच लागतं म्हणून विकलं, तर दोनदा भाड्याने आणायचं किंवा शेजारी मागायचं.

किती दिवसांत वापरलं यापेक्षा मी वेगळं विचारते: ही वस्तू काढायला दुसऱ्या किती वस्तू हलवाव्या लागतात, आणि ही स्वतः किती वेळा वाटेत येते? मोठं पातेलं सर्वांत वरच्या फळीवर पालथं पडून असेल, तर ते कुणाच्या वाटेत नाही. राहू द्या. उलट रोजच्या ड्रॉवरमध्ये सहा उलथणी असतील, तर सहाही गेल्या आठवड्यात वापरलेली असतात. सहा महिन्यांच्या नियमात सगळी पास! आणि खरी अडगळ तीच, कारण हवं ते एक काढताना पाच अडकतात.

कुठलाही प्लास्टिकच्या डब्यांचा खण उघडून बघा. डबे एकात एक जातात, झाकणं मात्र उभी-आडवी सरकत मागे पडतात आणि ड्रॉवर पूर्ण बंद होत नाही. हात घालून मागचं झाकण ओढावं तर ते वाकतं आणि कडेला चिरतं. इथे एकच करायचं. सगळे डबे ओट्यावर मांडा, प्रत्येकाला त्याचं झाकण लावा. ज्याला जोडी नाही ते गेलं, मग ते कितीही चांगलं असो. उरलेली झाकणं एका अरुंद खोक्यात उभी लावा, फायली लावतात तशी. इथे फेकण्यावर माझं यादीशी एकमत आहे, फक्त निकष वेगळा आहे.

‘एका जातीच्या वस्तू एका जागी’

ऐकायला हे इतकं बरोबर वाटतं की कुणी तपासतच नाही. सगळे चमचे, डाव, झारे एकत्र. सगळ्या सुऱ्या एकत्र. सगळी भांडी एका कपाटात.

आता गॅसवर काहीतरी उकळून वर येतंय. डाव हवा. तो इतर ‘चमच्यांसोबत’ जेवणाच्या टेबलाजवळच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही चार पावलं जाता, तोवर उतू गेलं. दोन-तीनदा असं झालं की हात आपोआप डाव गॅसशेजारी ठेवू लागतो, आणि आवरलेलं घर ‘विस्कटलं’ म्हणून आपण पुन्हा तो उचलून ड्रॉवरमध्ये नेतो. डावाची जागा गॅसजवळच आहे. हाताने ती शोधली होती, आपण ती मोडली.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. हालचालींच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या अमेरिकन इंजिनिअर लिलियन गिलब्रेथ यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस पावलं कमी कशी पडतील या एकाच हिशोबाने स्वयंपाकघराची मांडणी आखली. १९४०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात ‘कामाचा त्रिकोण’ रूढ झाला. शेगडी, सिंक आणि फ्रीज यांना जोडणारी प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, आणि तिन्ही मिळून २६ फुटांपेक्षा जास्त नाही. ओटा एकाच भिंतीला असेल तर त्रिकोण उरत नाही, पण त्यामागचा विचार लागू पडतोच: वस्तूची जागा ती जिथे पहिल्यांदा लागते तिथे.

म्हणजे डाव, झारा, चिमटा, हात भाजू नये म्हणून घ्यायचं फडकं हे सगळं शेगडीच्या बाजूच्या वरच्या ड्रॉवरमध्ये. चाळणी आणि गाळणी सिंकजवळ. सुरी, साल काढायचं, किसणी जिथे चिरता त्याच्याखाली. काही वस्तू दोन ठिकाणी लागतात, कात्री त्यातलीच. मग दोन कात्र्या ठेवा. यादी याला पसारा म्हणेल, म्हणू दे. मसाले मात्र शेगडीच्या अगदी वर नकोत. तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही चढतात, पूड गोळा होते. शेगडीच्या बाजूचा बंद ड्रॉवर त्यांना उत्तम, वरून झाकणांवरची नावंही वाचता येतात.

जातीपेक्षा वजन आणि उंचीही जास्त महत्त्वाची. कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सर्वांत सोयीचा. तिथे रोजचं ठेवा. बिडाची कढई, मिक्सर, कुकर असं जड सामान खांद्याच्या वर कधीच नको, निसटलं तर डोक्यातच. खालची कपाटं सहसा ६० सेंटिमीटर खोल असतात आणि वरची त्याच्या निम्मी, म्हणून खालच्या फळ्यांवर मागची वस्तू दिसतच नाही. पूर्ण बाहेर येणारा ड्रॉवर किंवा ट्रॉली इथे खरंच उपयोगी, कारण मागचं तुमच्याकडे येतं. पैसे खर्च करायचेच तर बरण्यांऐवजी इथे करा.

लहान मूल असेल तर उंचीचा हिशोब उलटा. फ्रँकफर्टच्या त्या नावं लिहिलेल्या खणांवर टीका झालीच होती की ते लहान मुलांच्याही हाताला येत होते. सुऱ्या, काचेची भांडी, सफाईची रसायनं खाली नकोत, किंवा कुलपात हवीत. सिंकखालच्या कपाटात खायचं काहीच ठेवू नका. तिथे ओल असते आणि एखाद दिवशी नळ गळतोच.

‘ओट्यावर काहीही नको’

रोज दोनदा लागणारी वस्तू कपाटात ठेवली तर ती रोज दोनदा ओट्यावर येणार आणि बहुतेक वेळा तिथेच राहणार. तेलाची छोटी बाटली, मीठ, चहाचं सामान, वापरात असेल तर मिक्सर, एवढं बाहेर असलं तर असू द्या. चिरायला आणि गरम भांडं उतरवायला मोकळी जागा मात्र राहिली पाहिजे. बाकी रिकामा ओटा हवा तो फोटोसाठी.

‘एका दिवसात सगळं, कायमचं’

दुपारपर्यंत घरभर भांडी पसरतात, संध्याकाळी रांधायचं असतं, आणि थकलेला माणूस उरलेलं जिथे बसेल तिथे कोंबतो. त्यातून बरण्या, दुभाजक, टोपल्या आधीच आणलेल्या असतात आणि त्या ड्रॉवरमध्ये मावत नाहीत. ड्रॉवरचं दर्शनी फळकट उंच असतं, पण आतली वापरायची उंची पट्ट्या आणि वरची चौकट सोडून मोजावी लागते. आतून, तीन बाजूंनी मोजा. खरेदी सर्वांत शेवटी.

एका वेळी एकच ड्रॉवर घ्या, शेगडीशेजारचा आधी. रिकामा करा, पुसा, जोडी नसलेलं आणि जास्तीचं काढा, उरलेलं परत ठेवा. मग आठवडाभर हात लावू नका, फक्त बघा. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा दुसरीकडेच सापडत असेल, तर तिला रागावून परत आणू नका. ती सापडते तिथेच तिच्यासाठी खण मोकळा करा, आणि मग पुढच्या ड्रॉवरला हात घाला.