मन्याचं इन्सुलिन आणि मावशीचा प्रश्न

मावशीने सांगलीहून फोनवर विचारलं, “अगं, इथं माणसांना इन्सुलिन परवडेना आणि तू बोक्याला टोचतेस?” तिच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या नवऱ्याचं इन्सुलिन महिनाअखेरीला चुकतं. ते डोळ्यांपुढे ठेवून ती बोलत होती, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

आमचा मन्या अकरा वर्षांचा, नसबंदी केलेला, सात किलोचा. मार्चमध्ये तो पाण्याच्या वाडग्यापाशीच बसून राहायला लागला. खाणं वाढलं, वजन मात्र उतरत गेलं. मग एक दिवस त्याचे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकलेले दिसले, म्हातारं माणूस सपाता फरफटत चालतं तसे. वाढलेल्या साखरेने नसा दुखावल्या की मांजर असं चालतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

इथे टोरांटोत डॉक्टरांनी मधुमेह असल्याचं सांगितलं आणि लगेचच, अगदी हळू आवाजात, त्याला कायमचं झोपवण्याचा पर्यायही सांगितला. परदेशात मुक्या प्राण्यांना किती जपतात, असं आपल्याकडे कौतुकाने बोलतात. जपतात, खरंच. पण परवडेल की नाही हा हिशेबही पहिल्याच भेटीत समोर येतो, आणि काही जण तिथेच थांबतात. सांगलीत असं कुणी चटकन सुचवलं नसतं. मात्र तिथे मन्याची साखर तरी कुणी तपासली असती का? आपल्याकडे म्हातारं मांजर वाळत जातं, एक दिवस दिसेनासं होतं, आणि ‘मांजर मरायला घरात थांबत नाही’ असं म्हणून आपण विषय संपवतो. माझ्या लहानपणीची आमची मनीही अशीच गेली. आता आठवलं की तिची पाण्याची तहान आठवते.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला याच शहरात सापडलं. 1921 साली इथल्या विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. पुढची साठ वर्षं माणसांना मिळणारं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनहून एका अमिनो आम्लापुरतंच वेगळं आहे. हे औषध मुळात जनावरांनी आपल्याला दिलंय. शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं, ते त्यावर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये म्हणून. त्या बाईंच्या नवऱ्याला ते सरकारी दवाखान्यात बारमाही मिळायला हवं, यावर मी मावशीच्या बाजूने भांडेन. पण त्याचा डोस मन्याच्या दोन युनिटांमुळे चुकत नाही.

उन्हाळ्यात आई इथे आली. ती स्वतः पंधरा वर्षं इन्सुलिन घेते. पहिल्याच सकाळी तिने मन्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलली, असं टोचायचं ना, म्हणाली. माझे हात पहिले पंधरा दिवस थरथरत होते. फक्त तिने आपली लाल टोपणाची सुई काढली, तेव्हा मी ओरडलेच. आईची बाटली मिलिलिटरला 40 युनिटांची आणि तिची सुईही त्याच मापाची. मन्याचं इन्सुलिन, ग्लार्जिन नावाचं, मिलिलिटरला 100 युनिटांचं. तिच्या सुईने दोनच्या खुणेपर्यंत ओढलं असतं तर त्याच्या अंगात पाच युनिटं गेली असती, आणि एवढ्या जिवाची साखर तेवढ्याने जीव जाईपर्यंत उतरू शकते. भारतात दोन्ही मापं दुकानात शेजारी-शेजारी असतात. माणसांनीही हे बाटली हातात घेऊन वाचावं.

एरवी या आजाराला लागतं ते आपल्या घरांत आहेच. सुई धरणारे हात आहेत, फ्रिजच्या दारात बाटली आहे, बोट टोचायचं यंत्र आहे. बारा-बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, घरात कुणीतरी असतंच. इथे आम्ही दोघंच. एका लग्नाला जायचं तर मन्यासाठी पगारी माणूस शोधावा लागतो.

आपल्याकडे अडतं ते ताटलीत. मांजर हा मांस खाणाराच जीव, आणि आपण त्याला दूध-पोळी, दूध-भात घालतो. मन्याचं कोरडं खाणं बंद करून मांसाचं, पिष्ट अगदी कमी असलेलं खाणं सुरू केल्यावर डोस उतरला. उपचार लवकर सुरू झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. आमचं अजून सुटलेलं नाही, पण टाचा पुन्हा उचलल्या गेल्यात.

आई परत गेल्यावर शेजारच्या काकूंची मांजर सारखी पाणी पिते असं तिच्या कानावर आलं. तिने आपलं यंत्र नेऊन मांजरीच्या कानाच्या कडेला टोचलं. आकडा आला 380. मावशीच त्या मांजरीला रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. लघवीतही साखर निघाली. आता सुई आई देते. काकूंचं घर शाकाहारी, त्यामुळे मागच्या अंगणात वेगळी ताटली ठेवून उकडलेली कोंबडी घालायची का, यावर त्यांच्याकडे बोलणं चाललंय.