मामांचा फॉरवर्ड आणि क्यूबातला स्लॉथ

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड भाचीने जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला, म्हणून हे लिहितोय. त्यात तीन गोष्टी आहेत. हिमयुग संपल्यावर उकाड्याने मॅमथ (हत्तीचे नामशेष भाऊबंद) आणि इतर महाकाय प्राणी मेले. दगडाची हत्यारं घेतलेल्या मूठभर माणसांना त्यांना मारणं अशक्यच होतं. आणि आदिमानव म्हणे गरजेपुरतंच मारायचा.

‘अशक्य’? अमेरिकेत ॲरिझोनातल्या नाको इथे १९५२ साली मॅमथचा सांगाडा खणून काढला, त्यात दगडी भाल्याची आठ पाती होती! तो शिकाऱ्यांच्या हातून निसटून नंतर मेला असेलही, पण भाले मारणारे होते ना? आणि सगळे कळप कापून काढावे लागतात असं सांगितलं कुणी? हत्तीण २२ महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, पुढचं व्हायला चार-पाच वर्षं जातात. मॅमथचंही गणित असंच असणार. दर वर्षी जन्मापेक्षा मरणं थोडीच जास्त झाली, तरी काही शतकांत कळप आटतो. शिकाऱ्यांनाही ते कळणार नाही.

उकाड्याचं म्हणाल, तर सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीही हिमयुगांच्या मधला उबदार काळ येऊन गेला. मॅमथ त्यातून तगले होते. जमिनीवरच्या महाकाय स्लॉथचं (झाडाला लटकणाऱ्या आजच्या सुस्त स्लॉथचे नामशेष भाऊबंद) तर विचारूच नका. संशोधक डेव्हिड स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्यांच्या अवशेषांच्या कार्बन-तारखा (अवशेषांतल्या कार्बनवरून काढलेलं वय; खरी वर्षं त्याहून थोडी जास्त भरतात) मांडल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे स्लॉथ सुमारे ११,००० ते १०,५०० वर्षांपूर्वी संपले, क्यूबा आणि हैतीच्या बेटावरचे मात्र सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. हिमयुग दोन्हीकडे एकदमच संपलं होतं. बेटांवर उशिरा पोचला तो माणूस.

बरं, हवामानाचा काहीच हात नव्हता असंही नाही. कुरणं आक्रसली, कळप विखुरले, हे खरंच. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ तर सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी गोडं पाणी आटल्याने गेले, तिथे माणूस नव्हताच. एवढं मामांना दिलं.

‘गरजेपुरतं’बद्दल एकच. न्यूझीलंडमध्ये माणूस साधारण १३०० साली पोचला आणि दीड-दोनशे वर्षांत मोआ संपले. (उडता न येणारा अवाढव्य पक्षी आहे, मान्य.) तिथल्या शिकारीच्या जागांवर मांड्या तेवढ्या नेऊन उरलेलं धड टाकून दिल्याच्या खुणा आहेत.

भाचीने प्रकल्पात क्यूबाची तारीख घातली. मामांनी अंगठा पाठवलाय.