तमालपत्राने झुरळं पळत नाहीत: त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

सध्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. "झुरळं कायमची घालवा, पेस्ट कंट्रोलचे पैसे वाचवा". मुद्दे थोडक्यात असे: झुरळं फक्त अस्वच्छ घरात होतात. बारकी झुरळं आपल्याकडची नाहीतच, परदेशी पार्सलच्या खोक्यांतून आली. तमालपत्र आणि काकडीची सालं ठेवा, वासाने पळतात. बेसिनच्या जाळीत डांबर गोळ्या टाका आणि रोज रात्री उकळतं पाणी ओता. चपलेने मारू नका, अंडी घरभर पसरतात. प्लगमध्ये लावायचं आवाजाचं मशीन घ्या. आणि झुरळं मारायचं जेल वगैरे सगळी फसवणूक, स्प्रे मारला की विषय संपला.

एकेक मुद्दा घेऊच, पण त्याआधी मेन गडबड सांगते. हा मेसेज लिहिणाऱ्याने झुरळ म्हणजे एकच प्राणी धरलाय. आपल्या घरात सहसा दोन येतात आणि दोघांचा रस्ता पूर्ण वेगळा. एक ते मोठं, लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, रात्री बाथरूमचा लाईट लावला की सुसाट पळतं आणि कधीकधी उडून अंगावर येतं. पुस्तकात त्याला अमेरिकन म्हणतात, मूळचं आफ्रिकेतलं, आणि राहतं ते गटारात, ड्रेनेज चेंबरमध्ये, पाईपच्या डक्टमध्ये. तुमच्या घरात ते फिरायला येतं. दुसरं बारकं, फिकट तपकिरी, सव्वा-दीड सेंटीमीटरचं, डोक्याच्या मागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन. हे गटारात राहत नाही, तुमच्या किचनमध्ये संसार थाटतं, ट्रॉल्यांच्या चॅनेलमागे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, मिक्सरच्या बुडाशी, वॉटर प्युरिफायरच्या आत. आता मोठ्यासाठी जेलवर पैसे घालवले आणि बारक्यासाठी न्हाणीच्या जाळ्या बदलत बसलात तर काय होणार? दोन्ही राहणार.

आता मुद्दा पहिला, अस्वच्छ घर. अर्धं खरं आहे, उष्टी भांडी रात्रभर सिंकमध्ये ठेवलीत तर झुरळांची चंगळ आहे, नाही कोण म्हणतंय. पण "फक्त" हा शब्द चुकीचा आहे आणि त्यानेच सगळं नुकसान होतं. बिल्डिंगमध्ये एकाच लाईनचे फ्लॅट, म्हणजे 102, 202, 302, सगळ्यांच्या किचनचे पाईप एकाच डक्टमधून खाली जातात, भिंतीतल्या त्या भोकांतून झुरळं वर-खाली करतात, त्यामुळे 302 वाल्यांनी घर कितीही लख्ख ठेवलं तरी 202 मधून पाहुणे येणारच. आणि मग होतं काय, की झुरळं म्हणजे घाण घर असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असल्यामुळे कोणी कबूलच करत नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की सगळे छताकडे बघतात, "आमच्याकडे नाहीत बाई", आणि पेस्ट कंट्रोलवाला मात्र गुपचूप ज्याच्या-त्याच्या घरी वेगवेगळ्या दिवशी येऊन जातो. एका घरात मारलं की उरलेली शेजारी, शेजारी मारलं की परत इकडे. लाईनमधल्या सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर निम्मा त्रास तिथेच कमी होईल.

शिवाय स्वच्छता म्हणजे मेसेजवाल्याला फिनाइलचा वास अपेक्षित आहे. झुरळाला खायला फार लागत नाही, साबण, खोक्याचा डिंक, सांडलेली कणिक, काहीही चालतं. बारक्या झुरळाला पाणी मिळत असेल तर ते महिनाभर उपाशी काढू शकतं, पण पाणीच नसेल तर दोन आठवड्यांत खलास. म्हणून झोपताना ओटा आणि सिंक कोरडं पुसून घेणं हे लादी चकाचक करण्यापेक्षा जास्त कामाचं. ओलं फडकं नळावर वाळत टाकलेलं, फ्रिजमागच्या ट्रेमधलं पाणी, कुंडीखालची बशी, गळणारा प्युरिफायर, हे बघा आधी.

परदेशी पार्सलचा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटला. नाव जर्मन आहे म्हणून लोकांना वाटतं बाहेरून आलं. नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1767 मध्ये दिलं, युरोपात मिळालेल्या नमुन्यांवरून. 2024 मध्ये जगभरच्या या झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की ही जात साधारण 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, इथल्याच एका रानटी आशियाई झुरळापासून तयार झाली, माणसाच्या घरात राहायला शिकली, आणि मग व्यापारी, सैन्य, जहाजं यांच्याबरोबर पश्चिमेला गेली. म्हणजे पार्सल गेलंय ते इकडून तिकडे. हां, खोक्यांचा भाग मात्र खरा आहे, फक्त ते खोकं परदेशी असायची गरज नाही. किराण्याच्या गोडाऊनमधून आलेला बिस्किटांचा पुठ्ठ्याचा बॉक्स, कांद्या-बटाट्याची गोणी, अंड्यांचे ट्रे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेकंडहँड फ्रिज किंवा मायक्रोवेव्ह. जुना फ्रिज घ्यायच्या आधी दाराचं रबर बोटाने ओढून त्याच्या घडीत बघा आणि मागच्या बाजूला कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. मिरीपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ती झुरळांची शी आहे, कितीही स्वस्त असला तरी तो फ्रिज नको. कारण बारक्या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी शेपटीला लावूनच फिरते, पिल्लं निघायच्या जरा आधीपर्यंत, आणि एका पिशवीत 30-40 अंडी. एकच मादी फ्रिजबरोबर आली तरी पुरे.

तमालपत्र. बघा, तमालपत्राचा किंवा पुदिन्याचा अर्क काढून, घट्ट तेल करून बंद डबीत झुरळाजवळ ठेवलं तर ते लांब सरकतं, असे प्रयोग झालेत. पण सुकलेली चार पानं ट्रॉलीत टाकली तर तो वास किती आणि किती दिवस? आणि सरकलं म्हणजे मेलं नाही, शेजारच्या ट्रॉलीत गेलं. काकडीची सालं तर चक्क ओला खाऊ आहे, कोपऱ्यात पाण्याची सोय केल्यासारखंच झालं. तमालपत्र पुलावात घाला.

डांबर गोळ्या आणि उकळतं पाणी. इथे मला खरंच राग येतो कारण हे नुसतं निरुपयोगी नाही. या गोळ्यांतल्या नाफ्थलीनची वाफ बंद किचनमध्ये लहान बाळांना बाधते, ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांच्या तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिवाय रंगीत गोळी बघून मुलं तोंडात घालतात. आणि उकळतं पाणी रोज ओतून पीव्हीसीचे पाईप आणि सिंकखालचे वायसर ढिले होतात, मग गळती, मग पाणी, मग झुरळं. व्वा.

मोठी झुरळं येतात कशी ते समजून घेतलं तर गोळ्या लागतच नाहीत. न्हाणीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात दोनेक इंच पाणी साठून राहतं, ते पाणी म्हणजेच गटार आणि तुमचं घर यांच्यामधलं दार. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये, किंवा मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर ते पाणी सुकतं आणि दार उघडं. तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायचं, गावाला जाताना वरून चमचाभर तेल सोडलं तर पाणी उडायला वेळ लागतो. दुसरी जागा कोणी बघत नाही ती ओट्याखाली. सिंकचा लवचिक वेस्ट पाईप जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो, पाईप दीड इंचाचा आणि भोक तीन इंचाचं, आजूबाजूची फट प्लंबरने तशीच सोडलेली, फार तर जुनं फडकं कोंबलेलं. वाकून टॉर्च मारून बघाच. मोठ्या झुरळाला तीन मिलिमीटरची फट बास होते, अंग दाबून चपटं होऊन घुसतं, हे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये मोजून दाखवलंय. ती फट एम-सीलने किंवा व्हाइट सिमेंटने बुजवा, रबरी रिंग मिळते हार्डवेअरच्या दुकानात तीही चालेल, डक्टच्या खिडकीला बारीक जाळी, मेन दाराखाली रबराची पट्टी. पहिल्या मोठ्या पावसात गटारं तुंबली की ही झुरळं वर येतात, त्यामुळे हे काम जूनच्या आधी उरका.

चपलेचा मुद्दा पटकन. अंडी सुटी नसतात, कडक पिशवीत असतात, चपलेला चिकटून घरभर पसरत नाहीत. मोठी मादी ती पिशवी दिवस-दोन दिवसांत कुठल्या तरी कोपऱ्यात चिकटवून मोकळी होते, बारकीची पिशवी आईपासून लवकर सुटली तर आतली अंडी सुकून जातात. मारा खुशाल, पिशवी दिसली तर तीही चिरडा, आणि जागा ओल्या कागदाने पुसून घ्या, कारण झुरळाची शी आणि अंगाचे तुकडे दम्याच्या पेशंटला त्रास देतात, ते मात्र खरं आहे.

आवाजाचं मशीन. 2001 मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, अशी मशीनं बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 हून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून सुनावलं होतं की तुमचे दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करा. आपल्याकडे अजून सेल लागला की धडाधड विकली जातात. त्या मशीनच्या उबेला झुरळ बसलेलं दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

आता शेवटचा, म्हणजे जेल फसवणूक आणि स्प्रे बेस्ट. नेमकं उलटं. स्प्रे दिसणारी चार मारतो, त्याचा डोळ्यांना आनंद होतो, पण भिंतीआड बसलेली चाळीस तशीच, उलट बहुतेक स्प्रेमधल्या औषधाने ती बिथरून दुसरीकडे पांगतात, पिशवीतल्या अंड्यांना काही होत नाही, आणि बारक्या झुरळांमध्ये या औषधांना दाद न देणं आता सर्रास आहे. खोली बंद करून धूर सोडायचे डबे येतात त्यांचंही तेच, 2019 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात खऱ्याखुऱ्या घरांत ते लावून बघितले, झुरळं होती तेवढीच राहिली आणि औषधाचा थर मात्र लादीवर, ओट्यावर बसला. त्याच अभ्यासात जेलवाल्या घरांत झुरळं घटली.

जेलचं गणित असं की ते खाऊन झुरळ जागच्या जागी मरत नाही, लपायच्या जागी जाऊन मरतं, तिथली पिल्लं त्याची शी खातात, मेलेलं झुरळ खातात, आणि विष पुढे जातं. म्हणून ते भसाभसा फासायचं नाही, बारीक बारीक ठिपके, बिजागरीजवळ, चॅनेलच्या मागे, फ्रिजच्या खालच्या कोपऱ्यात, शेगडीच्या गरम भागापासून लांब. फरक दिसायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. कधीकधी जेल खरंच चालत नाही, त्यालाही कारण आहे. 1993 मध्ये असं दिसलं की काही बारकी झुरळं जेलसारख्या आमिषात गोडीसाठी घातलेलं ग्लुकोज टाळायला लागलीत, आणि 2013 मध्ये कळलं की त्यांना ग्लुकोज कडू लागतं. त्यामुळे एका जेलने फरक पडला नाही तर वेगळ्या औषधाचं, वेगळ्या कंपनीचं घ्या.

आजीची बोरिक पावडरही चालते बरं का, कॅरमला लावतात तीच. कणकेत थोडी साखर आणि बोरिक मळून गोळ्या, किंवा फटीत अगदी पातळ फुंकर मारल्यासारखी. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. हळू काम करते, ओली झाली की वाया, आणि पोटात गेली तर विषच आहे, रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर जमिनीवर नको.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर आधी त्याला विचारा, आमच्याकडे कुठलं झुरळ आहे? न बघताच "सगळ्यावर चालतं मॅडम" म्हणाला तर दुसरा बघा. औषधाचं नाव विचारा, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड असं काहीतरी सांगता आलं पाहिजे. आणि "जेल लावतो आणि वरून स्प्रे पण मारून देतो, डबल इफेक्ट" म्हणाला तर किचनमध्ये स्प्रे मारू देऊ नका, स्प्रेचा वास लागलेलं जेल झुरळ खात नाही आणि तुमचे पैसे दोन्हीकडून जातात.