केक सतरंजीवर ठेवू नका

दिवाळीची सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर राजस्थानात असतं. त्यातच घरातल्या पोराचा वाढदिवस आला, की ठराव पास: "औंदा बड्डे वाळवंटात!" ही कल्पना बहुधा मामाची असते. मामानं कल्पना सुचवायची आणि केक, निरांजन, स्वेटर, आजीचे गुडघे बाकीच्यांनी सांभाळायचे, अशी कामाची वाटणी असते. माझा या बेताला विरोध नाही. विरोध आहे तो वाळवंटाला रंकाळ्याची चौपाटी समजण्याला.

सम म्हणजे ज्या वाळूच्या टेकड्यांसाठी सगळे धावतात ते गाव, जैसलमेरहून साधारण चाळीस किलोमीटर पश्चिमेला. म्हणजे तासाभराचा रस्ता, पण आपली माणसं सकाळी आठलाच "चला चला" करत सुटतात. भर दुपारी टेकड्यांवर बघायला काहीच नसतं. उन्हात वाळू पांढरी पडते, सावल्या नसल्यामुळं फोटोत सगळं सपाट येतं आणि तळपाय भाजतात ते वेगळंच. म्हणून सकाळ शहरात काढा. किल्ला बघा. ११५६ साली रावळ जैसलनं वसवलेला, पिवळ्या दगडाचा, आत अजून माणसं राहतात असा. "पन्हाळ्यावरबी राहत्यात की," असं म्हणून आबा तो दोन मिनिटांत निकालात काढतात, पण पोरांना आवडतो. दुपारी दोनला निघा, वाटेत ओसाड पडलेलं कुलधरा गाव अर्ध्या तासात उरका आणि चारच्या सुमारास समला पोचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. हाताशी असतात ते हेच दोन तास.

औक्षण सकाळी हॉटेलातच उरकून घ्या, ही हात जोडून विनंती. टेकडीच्या माथ्यावर निरांजन लावायला निघालेल्या आत्या मी बघितल्यात. अख्खी काडेपेटी संपते, आत्या हट्टाला पेटतात, वात काही पेटत नाही. आणि अक्षता वाळूत पडल्या की पडल्या.

जेवण दुपारी बारा-साडेबाराला आणि बेतानं. दाल-बाटी-चुरमा हे तुपात बुडवलेलं प्रकरण आहे. त्यावर लगेच जीप म्हणजे पोराच्या पोटाशी उघड वैर. टेकडीच्या धारेवरून जीप जेव्हा तोंड खाली घालून उतरते, तेव्हा तुपासह सगळंच वर यायला निघतं. लहानांना मधे बसवा, मागच्या टोकाला हादरे जास्त बसतात. जयसिंगपूरचं भडंग पिशवीत असेलच, ते जीपनंतर काढा.

आता उंट. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळं वरचा माणूस नाकावर पुढं जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही माणूस पुढंच. म्हणजे दोन्ही वेळा मागं रेलायचं, खोगिराचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि मोबाईल खिशात ठेवायचा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ज्यानं म्हैस उठताना बघितलीय, त्याला हे नवीन नाही. म्हैससुद्धा मागूनच उठते. फरक इतकाच की तिच्यावर काकू बसलेल्या नसतात. गुडघेदुखीवाल्यांना सरळ उंटगाडीत बसवा, त्यात कसला कमीपणा नाही. भाडं चढायच्या आधी ठरवा, आणि ते माणशी की उंटामागं, जायचं की जाऊन-येऊन, हेही विचारा. वर बसल्यावर घासाघीस करायची माणसाची पत राहत नाही.

पायात काय घालायचं यावर दरवेळी भांडण होतं. बुटात वाळू शिरते आणि मुक्कामच ठोकते. आपली कोल्हापुरी इथं खरंच बरी, वाळू एका बाजूनं येते आणि दुसऱ्या बाजूनं जाते. मात्र उंटावर ती पायातून गळते, म्हणून तेवढ्यापुरती पिशवीत टाका. अनवाणी धावणाऱ्या पोरांना भुरटापासून सांभाळा. हे तिथल्या गवताचं बारीक काटेरी बी, पायात आणि मोज्यात घुसतं. ओढून काढायला गेलात तर बोटात रुततं, कंगव्यानं काढावं.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोल्हापूरची एमएच ०९ची पाटी बघून वाळू वाट देत नाही. डांबर सोडून गाडी वाळूत घातली आणि चाक जागेवर फिरायला लागलं, की जेवढा ॲक्सिलरेटर दाबाल तेवढा खड्डा खोल होतो. शेवटी गाडी पोटावर बसते आणि चाकं नुसती हवेत. पाय काढा. चाकांपुढची वाळू हातांनी उपसा, टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास आणा म्हणजे टायर पसरून पकड येते, फूटमॅट चाकाखाली घाला, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि हळू बाहेर या. हवा परत भरायला पंप जवळ हवा, नाहीतर रस्त्यावर त्याच टायरांची वाट लागते. एवढं सगळं करताना दाजी बाजूला उभे राहून "दाब की लेका!" ओरडणारच. त्यांना पाणी आणायला पाठवा.

आणि केक. क्रीमचा केक डिकीत तासभर ठेवला की त्यावरचं नाव वाहून जातं आणि 'आदित्य'चा नुसता ओघळ उरतो. साधा स्पंज किंवा मावा केक न्या. तो कापायचा कुठं, इथं सगळे चुकतात. वाळूवर सतरंजी, सतरंजीवर केक, भोवती पंधरा माणसं. उडणारी बहुतेक वाळू जमिनीलगत, गुडघ्याच्या खालीच उड्या मारत जाते, म्हणजे नेमकी केकच्या उंचीवर. त्यात पंधरा माणसांचे तीस पाय. केक टेबलावर हवा, नाहीतर गाडीच्या बॉनेटवर, वारा अडेल अशा बाजूला. सगळ्यात उत्तम म्हणजे सूर्य मावळल्यावर टेकड्यांजवळच्या तंबूंच्या कॅम्पच्या आवारात, तेव्हा वाराही सहसा पडतो. फोमचा स्प्रे मुळीच नको. फोमवर वाळू बसली की पोराच्या केसांचं प्लास्टर होतं. फटाके आणि पॉपर उंटांपासून लांब, किंबहुना कोल्हापुरातच ठेवा.

दुपारी घामाघूम झालेली मंडळी स्वेटर हॉटेलात ठेवून येतात. कोरड्या हवेत वाळू जेवढ्या लवकर तापते तेवढ्याच लवकर निवते. सातला कुडकुडायला लागतं आणि मग कॅम्पातला राजस्थानी कालबेलिया नाच ऐन रंगात आला असताना सगळं खानदान एका शालीत.

परतल्यावर पोराला ओल्या फडक्यानं पुसू नका, वाळू चिकटून बसते. आधी अंग कोरडं होऊ द्या, पावडर लावून झटका, मग आंघोळ. खिसे हॉटेलच्या दाराबाहेर उलटे करा, मामाचेसुद्धा. तीच वाळू कोल्हापूरला येऊन वॉशिंग मशीनच्या पंपात अडकली, तर मेकॅनिकचं बिल उंटाच्या भाड्याहून मोठं येतं, आणि तिथं घासाघीस चालत नाही.