खाज्याला टॅग

आमचा धंदा खाज्यांचा, म्हणजे गुळात घोळवलेल्या तळीव कांड्यांचा. शिरगावची लईराई असो की म्हापशाचा बोडगेश्वर, जत्रेत टेबल मांडायचे, वर खाज्यांचा डोंगर रचायचा. गिऱ्हाईक वासाने येते. 2021 साली गोव्याच्या खाज्याला जीआय टॅग, म्हणजे 'हा पदार्थ मूळ इथलाच' असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा पेपरातले कात्रण मी दुकानात चिकटवले. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा ते वाचून म्हणाला, "मामा, हा टॅग ठीक आहे. हॅशटॅग कुठाय?"

साडेसाती सुरू झाली ती तिथून.

आधी त्याने माझ्या नंबरवर व्हॉट्सअॅप बिझनेस घातले. फुकट असते म्हणाला, म्हणून मी गप्प. दुकान बंद असताना आपोआप उत्तर जायची त्यात सोय असते. पठ्ठ्याने ती चोवीस तास चालू ठेवली. दुपारी बायकोचा मेसेज आला, 'जेवण वाढू?' तिला परस्पर उत्तर गेले, 'संपर्क साधल्याबद्दल आभार. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील.' प्रतिनिधी घरी पोचला तेव्हा ताट धुऊन पालथे घातलेले होते.

मग इन्स्टाग्राम. तिथे स्वतःची ओळख 150 अक्षरांत बसवायची. पण कुठल्या भाषेत? आम्ही भांडतो कोंकणीत, पेपर वाचतो मराठीत आणि विजेचे बिल येते इंग्रजीत. (ते वाचून पुन्हा कोंकणीत भांडतो.) शेवटी मी मराठीवर आलो. फोन आपल्या मनाने शब्द सुधारतो हे कोणी सांगितले नव्हते. रात्रभर जगाला दिसत राहिले, 'आमच्याकडे गोव्याची अस्सल खाज मिळेल.' सकाळी पहिला फॉलोअर आला तो मलमवाला.

रीलची कथा तर जिव्हारी लागलेली. तळलेल्या कांड्या गुळाच्या पाकात पडल्या की हात थांबवायचा नसतो. आले, तीळ टाकून सारखे घोळवत राहायचे, म्हणजे एकेक कांडी सुटी होते. ऐन त्या क्षणी भाचा ओरडला, "मामा, थांब! लेन्सवर माझं बोट आलं. परत कर." आणि मी, मूर्ख, थांबलो. दोन किलोंचा तो धोंडा आज मागच्या दाराला अडसर म्हणून ठेवला आहे. मुंग्या सोडल्या तर त्याला कोणी लाइक केलेले नाही.

पोरगा सुट्टी संपवून गेला, पण जाता जाता प्रत्येक फोटोखाली गोवा, बीच, बागा, सनसेट असे काय काय टाकून गेला. आमच्या डिचोलीत समुद्र नाही. आहेत त्या खाणी. तरी मेसेज सुरू झाले. 'बीच चालत किती मिनिटं?' 'स्कूटर भाड्याने आहे का?' एकाने विचारले, 'पूल आहे?' मी लिहिले, 'आहे, नदीवर.' त्याने हसरा चेहरा पाठवला. का, ते आठ दिवसांनी कळले.

काल रात्री इंदूरहून मेसेज आला. दोन रूम, तीन रात्री, खिडकीतून समुद्र दिसायला हवा. भाच्याच्या नावाने बोटे मोडत मी खाज्यांचा दर टाइप करत होतो. आईने चष्मा नाकावर ओढून स्क्रीनमध्ये डोके घातले.

"माडीवरची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "विचार तांकां, नुस्तें-मासळी खातात?"