टीईईआर कमी म्हणून मॉडेल टाकाऊ? एका प्रतिक्रियेला उत्तर

रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले पदार्थ मेंदूत सहज जाऊ न देणारं रक्तवाहिन्यांचं अस्तर) पेशींच्या थरावर अभ्यासण्याबद्दलच्या आमच्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एचसीएमईसी/डी३ या मानवी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तर-पेशींचा टीईईआर (थरातून वीज जायला होणारा रोध, म्हणजे थर किती घट्ट याचं माप) आमच्याकडे ४५ ओहम-चौ. सेंमीच्या आसपासच येतो, म्हणून त्यावर मोजलेली पारगम्यता (थरातून रेणू किती झिरपतात) निरुपयोगी. आणि तुमच्याकडे याच पेशी १६८ देतात, म्हणजे आमचा थर कच्चा.

दुसरा आक्षेप आधी. १२ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधल्या इन्सर्टचं, म्हणजे ज्याच्या सच्छिद्र तळावर पेशी वाढवतात त्या कपाचं, क्षेत्रफळ १.१२ चौ. सेंमी. मीटरवर १५० ओहम आले आणि कोलॅजन लावलेल्या, पण पेशी नसलेल्या इन्सर्टवर ११०, तर पेशींच्या वाट्याला उरले ४०. गुणिले १.१२, म्हणजे ४४.८. कोरा इन्सर्ट वजाच केला नाही तर १५० × १.१२ = १६८. योगायोगही असेल, पण वही उघडून बघाच. प्लेट इनक्युबेटरबाहेर थंड होत गेली की आकडा आपोआप चढतो, तेव्हा तापमानही दर वेळी तेच हवं.

पारगम्यतेतही कोऱ्या इन्सर्टवाचून चालत नाही. वर ०.५ मिली सोडियम फ्लुरोसीन (चमकणारा रंग), खाली १.५ मिली बफर. दर १५ मिनिटांनी इन्सर्ट नव्या वेलमध्ये, तासभर. खाली उतरलेलं एकूण प्रमाण भागिले वरची संहती, म्हणजे क्लिअरन्स. वेळेबरोबर त्याचा चढ काढायचा. समजा पेशींसह ०.५ आणि कोऱ्यावर २.० मायक्रोलिटर प्रतिमिनिट आला. चढांचे व्यस्त वजा करायचे: १/०.५ − १/२.० = २ − ०.५ = १.५, म्हणून पेशींचा स्वतःचा चढ ०.६७. क्षेत्रफळाने भागून सुमारे १ × १०⁻⁵ सेंमी/सेकंद. दुरुस्ती न करता हेच ०.७४ × १०⁻⁵ दिसतं. थर गळका असून पेशींसह चढ १.० आला, तर खरा २.० असतो, म्हणजे निम्मी गळती लपते. वाईट थरालाच जास्त सूट मिळते, ही यातली खरी गोम. (फ्लुरोसीनची चमक पीएच घसरला की उतरते, प्रमाणवक्र त्याच ७.४ च्या बफरमध्ये काढा, फिनॉल रेड हा रंग असलेल्या माध्यमात नको.)

पहिला आक्षेप अर्धा मान्य. बेडकाच्या मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांत १९८२ मध्ये सुमारे १,९०० ओहम-चौ. सेंमी मोजले गेले होते. त्यापुढे ४५ म्हणजे चाळणीच. सुक्रोजसारख्या लहान, पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंची क्रमवारी या थरावर लावू नये. पण ट्रान्सफेरिन रिसेप्टरला (पेशीत लोह नेणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहकाला) धरून आत जाणारी प्रतिपिंडं पेशीत शिरतात का, किंवा टीएनएफ-अल्फा या दाह घडवणाऱ्या प्रथिनाने पेशी चिडल्यावर काय होतं, हे बघायला या पेशी चालतात.

तुम्ही सुचवलेल्या स्टेम सेलपासूनच्या पेशी हजारांत टीईईआर देतात, खरं आहे. मात्र २०१२ नंतर रुळलेल्या त्या पद्धतीतल्या पेशींची जनुकं २०२१ मध्ये तपासली, तेव्हा ती रक्तवाहिनीच्या अस्तरापेक्षा एपिथेलियमच्या (त्वचा, आतडं यांसारख्या अवयवांच्या आवरणाच्या) जवळची निघाली. घट्टपणा मिळाला, पण तो भलत्याच पेशीचा असू शकतो. त्या वापरायच्या तर क्लॉडिन-५ (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या सांध्यांतलं प्रथिन) सोबत एपकॅमही (एपिथेलियमची खूण असलेलं प्रथिन) रंगवून बघा. एपकॅम ठळक दिसलं तर केवळ टीईईआरवर विसंबू नका.

तुमच्या कोऱ्या इन्सर्टचे ओहम आणि मोजतानाचं तापमान इथे लिहिलंत, तर १६८ चा हिशेब लगेच लागेल.