घरी शिकणारी मुलं आणि चार पोरांत मिसळणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, कारण ती मुलांच्या काळजीपोटी लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. त्यावर सरांचं म्हणणं असं : अशी मुलं एकलकोंडी होतात, शाळेत सगळ्या जातींची पोरं एका बाकावर बसतात, ते शिक्षण घरात मिळत नाही, आणि साने गुरुजींच्या अमळनेरात राहून शाळा नको म्हणणं शोभत नाही.

सर, तुम्ही लिहिलंय की तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत गेली. मग तिथल्या खोलीपासूनच सुरुवात करते. पहिली आणि दुसरी एकत्र, तिसरी आणि चौथी एकत्र. तुम्ही एका वर्गाला गणित घालून दुसऱ्याकडे वळलात की दुसरीची पोर पहिलीच्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेते. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबातही पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक बसतात. लोक याला शाळेची उणीव म्हणतात. मला मात्र मुलं माणसांत मिसळायला शिकतात ती अशाच ठिकाणी, असं वाटतं. लहानाला सांभाळून घ्यायचं, मोठ्याचं ऐकायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. एकाच वयाची चाळीस मुलं रांगेत बसवून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटल्यानं यातलं काय येतं? तुमच्या शाळेला माझा विरोध नाही. तुमच्या शाळेत जे चांगलं घडत होतं, तेच आम्ही घरी शोधतोय.

आता एकलकोंडेपणाबद्दल. आमची मुलं दिवसभर माणसांतच असतात. कापूस वेचायला येणाऱ्या बाया मुलीला अहिराणीत चिडवतात, ती त्यांना अहिराणीतच उत्तर देते. दुकानात जाऊन ती हिशेबानं सामान आणते, उरलेले पैसे मोजून घेते. भादव्यात गुलाबाई (आमच्या खानदेशातला पोरींचा गाण्यांचा सण) बसली की गल्लीतल्या पोरींबरोबर महिनाभर घरोघर गाणी म्हणते आणि झाकून ठेवलेला खाऊ ओळखते. त्या पोरींमध्ये पाच वर्षांचीही असते आणि नववीतलीही. कोणाचं घर आधी, कोण रुसलं, कोणाला मुद्दाम ओळखू द्यायचं, हे त्या आपसात ठरवतात, मोठं माणूस मध्ये पडत नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा बोरी नदीच्या पात्रात मुलगा पाळणेवाल्याशी असा बोलत बसतो की आम्हाला त्याला ओढून आणावं लागतं.

एक अडचण मात्र खरी आहे. अकरा ते पाच गल्ली रिकामी असते. सगळी पोरं शाळेत. त्या वेळात समवयस्क सोबती नसतो, आणि पाच वर्षांच्या पोराला तो हवा असतो. जवळच्या गावातलं आणखी एक कुटुंब मुलांना घरी शिकवतं. कधी त्यांची मुलं आमच्याकडे, कधी आमची त्यांच्याकडे, असं चालतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मग ओट्यावर गर्दीच होते. तेवढं पुरतं का? आत्तापर्यंत पुरलंय. मुलगा मोठा होईल तसं बघावं लागेल.

जातीचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. तो मी टाळणार नाही. आपल्या खेड्यात गल्लीलाही जात असते. पोरं नुसती गल्लीवर सोडली तर ती आपल्याच जातीत वाढतात, शेजार म्हणजे भाऊबंदकी. गावठाणाबाहेरच्या भिल्ल वस्तीतल्या पोराशी गाठ पडायची ती शाळेच्या बाकावरच. घरी शिकवताना ही गाठ आपोआप पडत नाही, ती आई-बापांनी घालावी लागते. म्हणून वस्तीतली मुलं आमच्या घरी येतात एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. आमची मुलं त्यांच्या घरी जातात आणि तिथं जेवतात. घरातल्या मोठ्यांना हे सोपं गेलं नाही, बोलणी झाली. तरी आम्ही मागे हटलो नाही, कारण हे जमणार नसेल तर मुलांना घरी शिकवायचा हक्कच आपल्याला नाही, असं मी मानते.

पण सर, तो बाक आता कुठं राहिलाय? सकाळी गावात इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या येतात आणि ज्यांना फी परवडते त्यांची पोरं घेऊन जातात. मागे उरतात ती मजुरांची आणि वस्तीतली. कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागल्या, त्या याच फाटाफुटीमुळे.

साने गुरुजींविषयीही बोलते. ते १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, पण त्यांच्या आठवणी निघतात त्या जास्त करून छात्रालयाच्या. मुलांच्या खोल्या झाडणारे, आजारी मुलाजवळ बसणारे गुरुजी. ते संस्कार तासिकांमध्ये बसत नव्हते, एकत्र राहण्यातून होत होते. आणि १९४७ साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले, ते विद्यार्थ्यांपुढे नव्हे, सगळ्या समाजापुढे.

संशोधनाचंही तुम्ही विचारलंत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेडलिन यांनी २००० साली आणि पुन्हा २०१३ साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला. घरी शिकणारी मुलं लोकांत वावरण्यात मागे पडत नाहीत, असं त्यांना दिसलं. पण त्यातले बरेच अभ्यास स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबांवरचे आहेत आणि तिकडचे आहेत. त्यावर मी माझा निर्णय टेकवलेला नाही.

प्रत्येकानं असं करावं, असंही मी म्हणत नाही. जिथं आई-बाप दोघं ऊसतोडीला जातात, जिथं शाळा सुटली की पोरीचं लग्न ठरतं, तिथं शाळा हाच तिचा आधार आहे, आणि तिथं शाळा सोडायला सांगणाऱ्याच्या विरोधात मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

शेवटी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाचं नाव शाळेत घालणं हे कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे, ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. हे सगळं वाचून, समजून आम्ही हा मार्ग धरलाय. पुढे राज्याच्या मुक्त विद्यालयाची पाचवी-आठवीची परीक्षा आहे, दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. आणि मुलगी मध्येच कधी शाळेत जायचं म्हणाली तर आम्ही तिचं नाव गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालू.